पाणी कुठे मुरते?

पर्यावरण शिकवणारी माणसे तयार करण्याचे काम आज महाराष्ट्रात मोठ्या जोमाने चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरणाचे शिक्षण सर्व पातळ्यांवर द्यावे असा आदेश दिला, आणि पुढे हळूहळू शाळा-महाविद्यालयांत हा विषय सक्तीचा झाला. मला येथे बोलायचे आहे ते मात्र शाळेबाहेरच्या शिक्षणाविषयी. गावात, वाडीवस्तीवर, झोपडपट्टीत जाऊन लोकांना पाणी, माती, ऊन आणि पाऊस समजावून सांगण्यासाठी जे कार्यकर्ते शिबिरांतून घडवले जातात, त्यांच्या तोंडी कोणती भाषा दिली जाते, हा माझा प्रश्न आहे. पुस्तिका, भित्तिपत्रके, शिबिरगीते, पथनाट्ये, चित्रफिती हे सारे मी वाङ्मयच मानतो. आमच्या कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती संपता संपत नाहीत. ही पुस्तिका मात्र गावागावांत पोचते, मोठ्याने वाचली जाते, पाठ केली जाते. एवढा मोठा वाचक असलेल्या वाङ्मयाची समीक्षा कोणी करीत नाही. ती आपण केली पाहिजे, कारण त्या वाङ्मयात आपण आहोतही आणि नाहीही.

प्रथम नावांकडे पाहा. २०१६ च्या सुमारास राज्यात जलसाक्षरतेची शासकीय यंत्रणा उभी राहिली, पुण्याच्या यशदा या संस्थेत तिचे केंद्र झाले. स्वयंसेवकांना पदव्या दिल्या गेल्या. राज्य पातळीवरचा तो जलनायक, खाली येत येत गावपातळीवरचा तो जलसेवक. नायक वर, सेवक खाली! हे कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. मुद्दाम न करताही हात आपोआप उतरंडीकडेच वळतो, म्हणून तर त्याची दखल घ्यायची. पाण्यासाठी प्रत्यक्ष गावात ज्याला दारोदार फिरायचे, शिव्या खायच्या, ग्रामसभेत तोंड उघडायचे त्याला आपली भाषा सेवक म्हणते. गावाची ‘सेवा’ या शब्दाचा अर्थ आमच्या वाडवडिलांनी पिढ्यानपिढ्या पाठीवर वाहिलेला आहे. महार वतन त्या सेवेचेच नाव होते. १८७४ च्या वतन कायद्याने ती सेवा कायद्यात बांधली, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात तिच्याविरुद्ध विधेयक आणले आणि कनिष्ठ गावकामगार वतने रद्द व्हायला १९५८ उजाडावे लागले.

दुसरी गोष्ट पंचमहाभूतांची. राज्य शासनाचे ‘माझी वसुंधरा’ अभियान २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाले. पृथ्वी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच खान्यांत गावांचे आणि शहरांचे काम मोजून गुण दिले जातात. अभियानात कचऱ्याचे वर्गीकरण आहे, सौरऊर्जा आहे, वृक्षलागवड आहे. ती कामे चांगलीच आहेत. पण त्यांना पंचमहाभूतांचे सोवळे कशासाठी नेसवायचे? कर्बवायू वातावरणात साठतो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो, हे सांगायला पाच भूतांची काहीच मदत होत नाही. उलट शिकणाऱ्याला वाटते की हे सारे आपल्या ऋषींना ठाऊकच होते. आणि ‘आपली परंपरा’ म्हणताना कोणाची? चार्वाकांनी भूते चारच मानली. बौद्ध परंपरेतही महाभूते चारच. आकाशाचा पाचवा खाना ज्यांनी धरला त्यांचीच परंपरा साऱ्या महाराष्ट्राची म्हणून शिबिरात शिकवली जाते, आणि समोर बसलेल्या बौद्ध पोराला तो आपला वारसा म्हणून पाठ करावा लागतो.

यापेक्षा खोल प्रश्न ‘प्रदूषण’ या शब्दाचा आहे. शिबिरात सांगतात: पाण्यात घाण मिसळली की ते प्रदूषित होते. वाक्य सोपे आहे, शास्त्रशुद्ध आहे. पण ज्या गावात ते बोलले जाते त्या गावाला पाणी ‘बाटणे’ म्हणजे काय हे शास्त्राच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी आणि त्यांच्या अनुयायांनी प्राशन केले. त्यानंतर सनातन्यांनी तळे शुद्ध केले. कशाने? तळ्यातून एकशेआठ घागरी पाणी काढले, त्यात शेण, गोमूत्र, दूध, दही कालवले आणि मंत्र म्हणत ते पाणी पुन्हा तळ्यात ओतले. पिण्याच्या पाण्यात शेणमूत ओतणे ही शुद्धी, आणि माणसाने ओंजळ भरणे हा विटाळ! पाण्याच्या प्रदूषणाचा याहून नेमका पाठ जगातल्या कोणत्या पाठ्यपुस्तकात सापडेल? जंतू म्हणजे काय, शुद्ध म्हणजे काय, डोळ्यांना दिसणारी घाण आणि मनातली घाण यांत फरक काय, हे सारे त्या एका घटनेत आहे. ते तळे कायद्याने खुले व्हायला १७ मार्च १९३७ चा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. तरीही मी चाळलेल्या पाण्यावरच्या एकाही प्रशिक्षण-पुस्तिकेत महाडचे नाव मला आढळले नाही. महाड ‘सामाजिक’ विषयात जाते, पाणी ‘पर्यावरण’ विषयात. विटाळाचा प्रश्न न सोडवता प्रदूषण शिकवायला निघालेला शिक्षक भिजल्या भिंतीला रंग देतो आहे.

आता श्रमदानाकडे येतो. तिथे प्रश्न केवळ शब्दांचा उरत नाही, पोटाचा होतो.

पाणलोटाचे तंत्र गावकऱ्यांना शिकवण्याचा आपल्याकडचा सर्वांत गाजलेला प्रयोग म्हणजे पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा. २०१६ साली तीन तालुक्यांत ती सुरू झाली, पुढच्या तीन वर्षांत पाऊणशेच्या घरात तालुके तिच्यात आले. गावातून निवडलेल्या माणसांना चार दिवस शिकवायचे आणि त्यांनी गाव कामाला लावायचे, अशी पद्धत. तिचे श्रेय नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. समतल चर कसा आखावा, बांध कुठे घालावा, धावते पाणी चालते कसे करावे आणि चालते पाणी मुरते कसे करावे, हे ज्ञान इंजिनियरच्या कचेरीतून काढून शेतकरी बाईच्या हाती देणे ही लहान गोष्ट नव्हे. ‘माथा ते पायथा’ हे सूत्र शाळा न शिकलेल्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी बसले.

पण गावाचा माथा कोणाचा आणि पायथा कोणाचा? वर माळावर मुरमाड जमीन असते. तिथे गायरान असते, तिथेच कसायला काही नसलेल्या माणसाने दोन-चार एकर खुरपून खाल्लेले असतात, तिथेच भूमिहीन बाईच्या शेळ्या चरतात. खाली काळी जमीन, विहिरी, ऊस. चर खणायचे वर, पाणी उतरायचे खाली. वरचा माळ झाडांसाठी बंद करायचा, चराईबंदी करायची, म्हणजे शेळ्या विकायच्या. आणि चार महिन्यांनी पाणी चढायचे ते खालच्या विहिरीला. ती विहीर कोणाची? १८८२ च्या सुखाधिकार कायद्याप्रमाणे ज्याची जमीन त्याला तिच्या पोटातले पाणी उपसायचा हक्क. महाराष्ट्राने २००९ साली भूजलाचा कायदा केला, उपशावर नियमनाची तरतूद केली. जमिनीची मालकी आणि खालचे पाणी यांची गाठ काही त्याने सोडवली नाही. म्हणजे पाणी जिथे मुरते तिथे ते सातबाऱ्यावर चढते. ज्याच्या नावावर सातबाराच नाही त्याच्या घामाचे पाणी दुसऱ्याच्या नावावर जमा होते. याला श्रमदान म्हणायचे! दान देणाऱ्याचे असते. रोजगारावर जगणाऱ्याचा एक दिवसाचा श्रम हे त्याच्या घरातले रात्रीचे पीठ आहे. ते त्याने जमीनवाल्याला दान द्यावे आणि शिबिरगीताने त्यावर टाळ्या वाजवाव्यात, हे ज्याला खटकत नाही त्याने वेठबिगार हा शब्द पुन्हा एकदा वाचावा.

आणि हे काम मजुरी देऊन करता येते हे महाराष्ट्राला ठाऊक नाही असे थोडेच आहे? १९७२ च्या दुष्काळात, मे १९७३ च्या सुमारास, दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते, खडीफोड. त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा १९७७ साली झाला, आणि पाणी अडवण्याचे काम हा मजुराचा हक्क ठरला. ज्या कामाला कायद्याने दाम ठरवला होता तेच काम पुढे उत्सव करून फुकट मागितले जाऊ लागले, हा प्रवास कोणत्याही प्रशिक्षणात सांगितला जात नाही.

म. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. पावसाच्या पाण्याबरोबर शेतातली कसदार माती वाहून जाते, म्हणून ठिकठिकाणी ताली-बंधारे घालून पाणी जमिनीत मुरवावे, हे त्यांनी त्यात सांगितले आहे. जंगलखात्याने गायराने गिळली आणि गरिबाच्या जनावरांना चरायला जागा उरली नाही, हेही सांगितले आहे. म्हणजे मृद्-जलसंधारणाची आपल्याकडची शिकवण शहाण्णव कुळी गावगाड्यातून वा ऋषींच्या आश्रमातून आलेली नाही. ती सत्यशोधकाच्या लेखणीतून आली आहे. आणि हे बंधारे कोणाकडून घालून घ्यायचे? सरकारच्या पगारी लष्कराकडून व पोलिसांकडून, असे फुले म्हणतात. शेतकऱ्याने फुकट राबावे असे ते म्हणत नाहीत, कारण शेतकऱ्याचा फुकट श्रम कोण खातो हेच तर त्या पुस्तकाचे मुख्य प्रतिपादन आहे. आजच्या प्रशिक्षणाने फुल्यांचा बंधारा घेतला आणि असूड तिथेच ठेवला.

कोणी म्हणेल, पाण्याच्या वाटपाचा प्रश्न काढलात तर काम होणारच नाही. पण झालेले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावापासून विलासराव साळुंख्यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीला नव्हते, माणसाला होते: दर माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. उसाला बंदी. भूमिहीनालाही वाटा. ज्याला जमीनच नाही त्याने ते पाणी वापरायचे कुठे, हा प्रश्न उरतोच. वाट्याने-खंडाने जमीन करायची म्हटले तरी ती देणारा भेटला पाहिजे. पण तत्त्व मान्य झाले होते. सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर मुक्ती संघर्ष चळवळीने लोकांच्या बळावर बळीराजा स्मृती धरण उभे केले, तिथेही भूमिहीनांचा पाण्यावर हक्क मानला गेला. हे दोन्ही प्रयोग कोणत्याही शिबिरात एका तासात शिकवता येतील. शिकवले जातात ते चर आणि बांध. वाटा शिकवला जात नाही. तंत्र शिकवायला सोपे असते, कारण तंत्राला कोणी आडवे येत नाही.

मराठवाड्यातल्या अशाच एका शिबिरात मी दोन दिवस बसलो होतो. गावाचा नकाशा रांगोळीने जमिनीवर काढायचा, असा पाठ होता. पोरांनी मन लावून नकाशा काढला. ओढा, देऊळ, शाळा, विहिरी, सोसायटीचे कार्यालय. ओढ्याच्या खालच्या अंगाला जागा मोकळी राहिली. शिकवणारा मुलगा हुशार होता, मनाने चांगला होता. त्याने विचारले, “काही राहिलं का?” मागून एक बाई म्हणाली, “आमचा हापसा राह्यला.” त्याने लगेच रांगोळीची चिमूट उचलून तिथे एक ठिपका दिला आणि पुढच्या मुद्द्याकडे गेला. तो हापसा कधी आटतो, आटल्यावर ती बाई कोणाच्या विहिरीवर जाते, तिथे तिला स्वतः शेंदू देतात की वरून ओततात, हे विचारायचे त्याला कोणी शिकवले नव्हते. त्याच्या पुस्तिकेत पाण्याचे स्रोत मोजायला रकाना होता. पाण्याच्या वाटेवर कोण उभे आहे हे लिहायला रकाना नव्हता. १९७२ च्या सुमारास डॉ. बाबा आढावांनी ‘एक गाव एक पाणवठा’ म्हणत गावोगाव फिरून नेमके हेच विचारले होते. पन्नास वर्षांनी प्रश्नावली जास्त गुळगुळीत झाली आहे, एवढेच.

हवामान बदलाच्या पाठांतही हेच घडते. उष्णतेच्या लाटेत दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका, सैल सुती कपडे घाला, भरपूर पाणी प्या. उपदेश बरोबर आहे. पण ऐकणारी बाई वीटभट्टीवर आहे, बांधकामावर आहे, की बीडहून उसाच्या तोडीला गेलेली आहे? तिला दुपारी घरात बसवायचे तर तिच्या मुकादमाशी बोलावे लागेल, उचलीचा हिशेब काढावा लागेल. आणि तिचे ‘घर’ पाचटाची कोपी किंवा पत्र्याची खोली असेल तर दुपारी ते बाहेरच्याहून जास्त तापते. बारा ते चार घरात राहा हे वाक्य ज्याच्या घरात पंखा आहे आणि ज्याचा पगार महिन्याने येतो त्याच्यासाठी लिहिलेले आहे. प्रशिक्षकाला ते तसेच्या तसे वस्तीवर जाऊन म्हणायला लावणे म्हणजे त्याला त्याच्याच लोकांपुढे हास्यास्पद करणे आहे. त्याऐवजी मुकादमाकडे सावली, पाणी आणि कामाच्या बदललेल्या वेळा कशा मागायच्या, हा हवामानाचा पाठ का होऊ नये?

गायरानाचाही उल्लेख केला पाहिजे. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांनी सत्याग्रह केले, हजारोंनी तुरुंग भरले. शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरान कसणारांची अतिक्रमणे नियमित करण्याचे मान्य केले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचा निकाल दिला, त्यातही भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने रीतसर दिलेल्या जमिनींचा अपवाद मानला. ‘गायरान मोकळे करा, झाडे लावा’ असे शिकवणाऱ्या कार्यकर्त्याला निकालाचा पूर्वार्ध तोंडपाठ असतो. झाडाच्या नावाने माणूस उपटला जातो तेव्हा झाडाविषयी शंका घेण्याचे मला कारण नाही. खड्डा कुणाच्या पिकात खणला हे मात्र मी विचारणार.

मग शिकवायचे काय? माझे म्हणणे असे की या शिक्षकांसाठी लागणारे वाङ्मय लिहून ठेवलेले आहे. ते पुस्तिका करणारांनी वाचलेले नाही. शंकरराव खरातांच्या ‘तराळ-अंतराळ’ (१९८१) मध्ये गावकीच्या कामावर असलेल्या त्यांच्या वडिलांना विहिरीत पडलेले कुजके प्रेत काढायला खाली उतरावे लागते. ज्या जातीच्या हाताने विहिरीचे पाणी बाटते, त्याच जातीच्या हाताने विहिरीतले मढे निघाले की विहीर पुन्हा पिण्याजोगी होते. पाणी स्वच्छ कोण करतो आणि ते प्यायचा हक्क कोणाला, हे दोन प्रश्न या प्रसंगात एकाच दोरीला लोंबतात. दया पवारांची धरण बांधणाऱ्या मजूर बाईची कविता चळवळीने गाणे करून गावोगाव नेली. विकासाच्या पाण्याचा ताळेबंद तिने ज्या जागेवरून मांडला, त्या जागेवर कोणत्याही अहवालाला अजून बसता आलेले नाही. अण्णा भाऊंच्या ‘स्मशानातील सोनं’ मधला भीमा खाणीचे काम बंद पडल्यावर राखेत आणि मढ्यांत पोट शोधतो. डोंगर फोडणे वाईट, हे मलाही मान्य. पण खाण बंद झाल्यावर भीमाने काय करायचे, हा प्रश्न ती गोष्ट आजच्या पर्यावरणवाद्याला विचारते आणि त्याच्याकडे उत्तर नसते. हे वाङ्मय शिबिरात ‘दलितांच्या व्यथा’ म्हणून वाचू नये. तशा वाचनाचा मला वीट आला आहे. ते पाण्याचे, मातीचे आणि श्रमाचे ज्ञान म्हणून वाचावे. आणि सांगण्याच्या पद्धतीचेही तेच. सत्यशोधक जलसे आणि आंबेडकरी जलसे हे या भूमीतले लोकशिक्षकांचे पहिले मोठे प्रशिक्षण होते. तमाशाचा बाज घेऊन त्यातला गण त्यांनी बदलला होता, गणपतीला बाजूला केले होते. आजची शिबिरगीते तो बदल विसरून पुन्हा वसुंधरामातेच्या आरतीवर आली आहेत.

अशा मांडणीवर एक आक्षेप हमखास येतो, की शिबिरात जात काढली तर गावाची एकी मोडेल. ज्या एकीत ओढ्याच्या खालचा हापसा नकाशावर येत नाही ती एकी मोडण्याची मला भीती वाटत नाही. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत गावाविषयी जे सांगितले ते अनेकांना अजून टोचते. पण त्याच बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना दामोदर आणि महानदीच्या खोऱ्यांच्या योजनांना आकार दिला, १९४५ साली केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा केला. ते पाण्याचे शास्त्र आणि पाण्याचा हक्क वेगळ्या वर्गांत शिकवीत नव्हते.

शेवटी शिक्षक कोण, याविषयी. पुण्यात १९९० च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढशिक्षण विभागाचे कार्यकर्ते कचरावेचकांच्या वस्तीत अक्षरे शिकवायला गेले. या कचरावेचकांत बहुसंख्य दलित स्त्रिया. कित्येकींची घरे १९७२ च्या दुष्काळाने मराठवाड्यातून उठून पुण्यात आलेली. शिकवायला गेलेल्यांना कळले की अक्षरांआधी कचऱ्यावरचा हक्क हवा आहे. १९९३ साली बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत झाली. २००८ पासून त्याच स्त्रियांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था महानगरपालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करू लागली. ओला वेगळा, सुका वेगळा, हे पुण्याच्या मध्यमवर्गाला रोज सकाळी दारात उभे राहून कोणी शिकवले? वापरलेली सॅनिटरी पॅड हाताने वेगळी करावी लागतात म्हणून २०१३ साली या बायांनी त्यांच्या पिशव्या भरून थेट उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवल्या. २०१७ साली त्यांनी शहराला सांगितले: कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका द्या, म्हणजे आम्हाला हात लावण्याआधी कळेल. सदाशिव पेठेपासून उपनगरांतल्या सोसायट्यांपर्यंत तो ठिपका कसा द्यायचा हे त्या दारावर उभ्या राहून समजावून सांगत होत्या, आणि ऐकणाऱ्या घरांपैकी बऱ्याच घरांत त्यांना पाणी वेगळ्या भांड्यातून मिळत होते.